बर्फाचे दोन ट्रे

त्या बाई माझ्या केबिनमध्ये आल्या तेव्हा त्यांच्या तोंडात काहीतरी कडाकडा वाजत होतं. खुर्चीत टेकल्या, हातातल्या बाटलीचं झाकण उघडलं आणि बर्फाचा आणखी एक खडा गालात ठेवला. "सवयच लागलीय हो. दिवसाला दोन ट्रे संपतात."

वय ४३, उंची १६४ सेंटिमीटर, वजन ८८ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३२.७, लठ्ठपणात मोडणारा. वजन कमी करायला आलेल्या, त्यामुळे आहारतज्ज्ञ म्हणून माझा हात सवयीने १,२०० कॅलरींच्या छापील तक्त्याकडे गेला होता. तो बर्फामुळे थांबला. सतत बर्फ चघळावासा वाटणं हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण असू शकतं, एवढं शिकताना मनावर ठसलं होतं.

मग आदल्या दिवशीचं सगळं खाणं विचारलं, सकाळच्या पहिल्या घोटापासून. पाच कप चहा, प्रत्येकाबरोबर बिस्किटं. दुपारी पांढऱ्या ब्रेडचं सँडविच, संध्याकाळी वेफर्सचं पाकीट, रात्री मागवलेल्या नूडल्स.

"भाजी?"

"नूडल्समध्ये होती की."

"फळ?"

बराच वेळ आठवून म्हणाल्या, "परवा मुलाने अर्धं सफरचंद टाकलं होतं, ते खाल्लं."

हिशेब मांडला. कॅलरी २,३०० च्या वर, लोह मात्र जेमतेम ७ मिलिग्रॅम. मैदा होताना गव्हाचा कोंडा आणि अंकुर निघून जातो, त्याबरोबर लोह, जस्त, मॅग्नेशियम आणि ब गटातली जीवनसत्त्वंही. जे थोडं लोह पोटात जात होतं, तेही बरोबरच्या चहामुळे नीट शोषलं जात नव्हतं.

मी त्यांना आमच्या डॉक्टरांकडे पाठवलं. रिपोर्ट आले: हिमोग्लोबिन ९.८, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) ७, ड जीवनसत्त्व ११. तिन्ही कमी. पाळीत रक्तस्राव जास्त होतो, हेही तेव्हाच कळलं. त्याआधी कुणी विचारलंच नव्हतं. दम लागतो म्हटलं की उत्तर ठरलेलं, वजन कमी करा.

आमच्या कामात हीच गोष्ट मला सर्वात जास्त छळते. लठ्ठपणात शरीरात एक मंद दाह धुमसत असतो. त्याने यकृतात तयार होणारं हेप्सिडिन हे संप्रेरक वाढतं आणि ते आतड्यातून रक्तात जाणारं लोह अडवतं. त्याच दाहाने फेरिटिनचा आकडा फुगतोही, म्हणजे 'नॉर्मल' रिपोर्टसुद्धा फसवू शकतो. ड जीवनसत्त्वाचंही तसंच, ते चरबीत साठून राहतं आणि रक्तात कमी दिसतं. अशा माणसाच्या ताटातलं आहे तेच निम्मं करायला सांगितलं, तर कमतरताही वाढणार. या बाईंनी तसं तीनदा केलं होतं. तिन्ही वेळा केस गळाले, वजन परत आलं.

"म्हणजे मी कुपोषित?" त्यांनी स्वतःच्या दंडाकडे बघत विचारलं. "हे असं असून?"

"हो," म्हटलं. त्या रडल्या. मला वाटतं, बरंही वाटलं असावं त्यांना, कारण पहिल्यांदाच कुणी आळशी म्हटलं नव्हतं.

डॉक्टरांनी लोहाच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, पाळीच्या तपासण्या सुरू केल्या. मी पहिल्या महिन्यात काहीच बंद केलं नाही. चहा जेवणापासून तासभर लांब नेला, जेवणात डाळ किंवा अंडं, पालेभाजी आणि वर लिंबू आणलं. ब्रेड अख्ख्या गव्हाचा. फळ रोज, आणि तेही अख्खं.

तीन महिन्यांनी आल्या तेव्हा वजन ८६ होतं. फेरिटिन ३१. काट्यावरून उतरल्या, पण वजनाचं काही विचारलं नाही. बाटली पुढे करून म्हणाल्या, "बघा, नुसतं पाणी आहे."