तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या प्राथमिक शिक्षक संघटनेच्या तालुका शाखेची माणसं

केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद संपली की नवे शिक्षणसेवक गाठून विचारतात, ‘मॅडम, संघटनेची वर्गणी भरू, पण तालुक्याची ही पुढारी मंडळी आहेत कोण, आणि आमच्यासाठी करतात काय?’ शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड होऊन कुणी लातूरहून आलंय, कुणी बुलढाण्याहून. कोल्हापूरच्या पश्चिमेकडचा हा पावसाचा मुलूख त्यांना अनोळखी. महिन्याचं मानधन १६ हजार, त्यातूनच खोलीचं भाडं. त्या पैशातून वर्गणी देणाऱ्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. उभ्याउभ्या उत्तर देऊन भागत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

आधी एक समज दूर करते. विधान परिषदेत शिक्षकांचे सात आमदार असतात, तेच आपले नेते, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण राज्यघटनेच्या १७१व्या कलमानुसार त्या मतदारसंघात मत द्यायला माध्यमिक किंवा त्यावरच्या दर्जाच्या संस्थेत शिकवावं लागतं. चौथीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या आपल्याला तिथे मतच नाही. अक्षरओळख करून देणाऱ्याला शिक्षक म्हणून मत नसावं, हे मला आजही पटत नाही. आपलं म्हणणं वर जायचं ते तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून राज्याला, निवेदनाच्या कागदावरून. तो कागद तालुक्यात लिहिला जातो. तो कोण लिहितं आणि किती नीट लिहितं, यावर खूप काही ठरतं.

आमचे अध्यक्ष द्विशिक्षकी शाळेवर आहेत. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलीत. त्यांची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ च्या पुष्कळ आधीची, म्हणजे जुनी पेन्शन त्यांची पक्की. तरी सगळ्यांना जुनी पेन्शन मिळावी म्हणून झालेल्या मार्च २०२३ च्या संपात, १४ ते २० तारखेपर्यंत, ते रोज पंचायत समितीसमोर आमच्याबरोबर मांडी घालून बसले. तरुण पोरं आवेशात बोलायची, हे ऐकत राहायचे. संप मिटला तेव्हा पुष्कळांना तो अर्ध्यात सोडल्यासारखा वाटला, मलाही. त्यांनी प्रत्येक शाळेवर फोन करून बुडालेले तास कसे भरून काढणार, हे विचारलं.

त्यांचं खरं काम मी पाहिलं ते पुढच्या वर्षी. १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचा, निर्णय आला आणि कमी पटाच्या शाळांमधली पदं धोक्यात आली. सगळीकडून निवेदनं जात होती, बहुतेकांत ‘शिक्षकांवर अन्याय’ हीच ओळ. अध्यक्ष मात्र वाडी-वाडी फिरले. कुठल्या वाडीतून मोठ्या गावच्या शाळेत जाताना वाटेत किती ओढे लागतात, पावसाळ्यात साकव वाहून जातो का, गव्यांचा वावर कुठे आहे, पहिलीतलं पोर ती वाट चालू शकेल का, हे सगळं शाळानिहाय लिहून घेतलं. निवेदनात शिक्षकांचा मुद्दा शेवटी आला, मुलांचा आधी. तो कागद मी वाचलाय. शिक्षकाने लिहिलेला कागद असाच असावा.

कोषाध्यक्षांबद्दल एवढंच, की पावतीशिवाय ते पाच रुपयेही घेत नाहीत.

आता सरचिटणीस. यांच्याबद्दल जास्त लिहिते, कारण तुमची गाठ यांच्याशीच पडणार आहे. चट्टोपाध्यायचा, म्हणजे वरिष्ठ वेतनश्रेणीचा, प्रस्ताव अडकला, वैद्यकीय बिल त्रुटी काढून परत आलं, पगाराच्या शालार्थ प्रणालीत नाव चुकलं, फरक बिल दोन मार्च उलटले तरी निघेना, की लोक यांना फोन करतात. फोन उचलल्यावर ते पहिल्यांदा विचारतात, ‘आवक नंबर आहे का?’ अर्ज दिला पण पोच घेतली नाही, असं सांगितलं की तिथूनच सुरुवात करायला लावतात. नव्यांना हे कडक वाटतं. पण पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं कुणी म्हटलं, तर आपल्या हातात काही उरत नाही.

माझ्या केंद्रातले एक सर अचानक गेले. नेमणूक २००५ नंतरची. नव्या पेन्शन योजनेतल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला निवृत्तिवेतन मिळत नसे. राज्य सरकारने ते २०२३ मध्ये मान्य केलं. मान्य झालं म्हणजे हातात पडलं असं नव्हे. सरचिटणीस सेवापुस्तकाच्या छायांकित प्रती घेऊन त्यांच्या घरी गेले, मीही होते. नामनिर्देशनाचं पान उघडलं, तर तिथे आईचं नाव. लग्नाआधी भरलेलं, पुढे कधी बदललंच नव्हतं. एका बाजूला सासूबाई, एका बाजूला सूनबाई, मधे ते पान. खोलीत कुणी बोलेना.

सरचिटणीसांनी घाई केली नाही. आजींना ‘आई’ म्हणून हाक मारली, पान त्यांच्यासमोर धरलं, कुठल्या रकमेसाठी कोणता अर्ज लागतो आणि वारस दाखला कुणाच्या नावे काढावा लागेल, ते सोप्या शब्दांत समजावलं. कुठेही सही घेतली नाही. ‘तुम्ही दोघी बोला, मी परवा येतो,’ म्हणाले. परवा खरंच आले. पुढे ती फाइल कार्यालयातून परत येत राहिली. कधी कपातीचा वर्षवार हिशेब जुळत नव्हता, कधी एखादा दाखला जुना ठरत होता. प्रत्येक वेळी शाळा सुटल्यावर हे त्या टेबलासमोर. रजा टाकून कधी गेले नाहीत, वर्ग कधी सोडला नाही. त्यांची तिसरी छान वाचते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

हे मुद्दाम सांगते, कारण संघटनेच्या नावाखाली शाळेकडे पाठ फिरवणारेही असतात. पतसंस्थेची निवडणूक लागली की पॅनेलं पडतात, कालपर्यंत एका सतरंजीवर बसलेले एकमेकांशी बोलत नाहीत. तुम्हीही कुणाच्या तरी यादीत ओढले जाल. माझी कसोटी एकच: पुढाऱ्याच्या वर्गात जाऊन मुलांना वाचायला सांगावं.

आणि महिला आघाडीच्या प्रमुख. प्रशिक्षणाच्या ठिकाणी बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, हे पाहिल्याशिवाय त्या तारीख मान्य करत नाहीत. १८० दिवसांची बालसंगोपन रजा मागताना तरुण बाईला ‘शाळा कोण बघणार?’ असं ऐकावं लागतं, तेव्हा जीआरची प्रत घेऊन त्या शेजारी उभ्या राहतात. ऑनलाइन बदल्यांत संवर्ग दोनचा, पती-पत्नी एकत्रीकरणाचा अर्ज भरताना तीस किलोमीटरच्या अंतराचा दाखला कसा घ्यायचा, हे तालुक्यात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. पुरुष शिक्षकही त्यांनाच विचारतात. १ सप्टेंबर २०२५ ला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, सेवेतल्यांनाही दोन वर्षांत पात्र व्हा म्हणणारा, तेव्हा पन्नाशीकडे झुकलेल्या बाया घाबरून गेल्या. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांना नोकरी टिकवण्यापुरती सूट आहे, बाकीच्यांना नाही. संघटना न्यायालयाचं बघेल, आपण अभ्यास तर सुरू करू, असं म्हणून रविवारचा वर्ग त्यांनीच सुरू केला. स्वतःही मुलांच्या बाकावर बसून गणितं सोडवतात.

एवढं करून त्यांचं पद ‘महिला आघाडी’ एवढंच. मोर्चात निम्म्याहून जास्त आपण बायका असतो, आणि अध्यक्ष, सरचिटणीस, कोषाध्यक्ष आजवर सगळे पुरुष. मी ही संघटना आपली मानते, म्हणून हे मला सलतं. अध्यक्षांशी बोलले, तर त्यांनी कुरकुर न करता सांगितलं, ‘नाव तुम्ही सुचवा, अनुमोदन मी देतो.’ पुढच्या अधिवेशनात अध्यक्षपदासाठी मी महिला आघाडीच्या या प्रमुखांचंच नाव सुचवणार आहे. वर्गणीची पावती जपून ठेवा, मतदानाच्या दिवशी ती लागेल.