पूर्वेस ओढा

आबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, धोतराच्या घडीत, आमचं खरेदीखत होतं. घड्यांवर विरलेलं, शाई तपकिरी पडलेली. त्यातली चतुःसीमा मला आता तोंडपाठ आहे: पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, दक्षिणोत्तर भाऊबंदांच्या जमिनी. आणि शेवटी ते जुनं वळण, 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह'.

भांडण उभं राहिलं ते क्षेत्रावरून. खतात लिहिलंय 1 एकर, म्हणजे 40 गुंठे. सातबाऱ्यावरही 0.40 हेक्टर. पण गाडीवाटेपासून ओढ्यापर्यंत मोजलं तर जागा भरते 46 गुंठे. ज्यांच्याकडून आबांनी घेतली, त्यांच्या मुलांनी ओढ्यापलीकडची जमीन पुढे एकाला विकली. त्या नव्या मालकाचं म्हणणं, तुमचे 40 सोडून वरचे 6 गुंठे माझ्या खरेदीत आले. 33 फूट बाय 33 फुटांचा एक गुंठा, असे सहा. बाहेरच्याला फार वाटणार नाहीत. पण आमची विहीर त्यातच आहे. एका सकाळी अण्णा मोटार चालू करायला गेले, तर विहिरीच्या अलीकडे तारेच्या कुंपणाचे खांब.

मालकी जाहीर व्हावी आणि कायम मनाईहुकूम मिळावा, असा दावा आम्ही दाखल केला. मला वाटायचं, सातबारा म्हणजेच मालकी. वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत समजावलं की ती महसुलाची नोंद, मालकी खरेदीखतावरून ठरते. आणि खतातला आकडा व चतुःसीमा जुळत नसतील, तर नेमक्या, जागेवर दाखवता येणाऱ्या सीमांना सहसा जास्त वजन मिळतं. विकणारा आकडा अदमासे सांगतो, पण ओढा बोटाने दाखवतो. खताचे साक्षीदार केव्हाच वारले होते. तरी 30 वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला, तर कोर्ट तो खरा धरू शकतं. आबांनी मूळ प्रत जपली म्हणून आम्ही उभे राहू शकलो. त्यांचे उपकार मला त्या दिवशी कळले.

कोर्ट कमिशनर म्हणून भूमी अभिलेखचे मोजणीदार आले. दिवसभर उन्हात मोजणी चालली. नकाशात ओढा आला, विहीर आली, 46 गुंठेही आले.

उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी अण्णांना विचारलं, "ओढा तेव्हापासून सरकला नाही कशावरून?"

मी मागच्या बाकावर पदर घट्ट धरून बसले होते. अण्णांनी जराही वेळ घेतला नाही. "साहेब, काठाची करंजं माझ्या आजीच्या वेळची हायेत. ओढा सरकला असता तर झाडं पाण्यात नाहीतर शेताच्या मधी आली असती. ती अजून काठालाच हायेत."

कमिशनरच्या नकाशातही करंजांची ओळ काठालाच होती. विरुद्ध पक्षाच्या खतात पश्चिमेस फक्त आमचं नाव होतं, ओढ्याचा उल्लेखच नव्हता. मुळात जे आधीच आबांना विकून झालं होतं, ते मुलं पुन्हा कुणाला देणार?

निकाल आमच्या बाजूने लागला. समोरच्यांनी जिल्हा न्यायालयात अपील केलंय, त्यामुळे तारखा सुरूच आहेत. विहिरीवर मोटार चालू आहे, हरभऱ्याला पाणी बसतंय. मूळ खरेदीखत मात्र कोर्टाच्या फायलीत अडकलंय. मी दर रविवारी फोन केला की अण्णा पिकाचं नंतर सांगतात, आधी विचारतात, "आबांचा कागद कधी परत मिळंल गं?"