एकच उलटी

रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत. धाकटी रुग्णालयाच्या खाटेवर कुशीवर वळून झोपली आहे. सकाळी तिच्या टॉन्सिलची शस्त्रक्रिया झाली. पण महिनाभर मला धास्ती होती ती नंतरच्या उलट्यांची, कारण तीन वर्षांपूर्वी याच शस्त्रक्रियेनंतर थोरल्याला पहाटेपर्यंत सहा उलट्या झाल्या होत्या, प्रत्येक उबळीबरोबर घशातली ओली जखम ताणली जाऊन तो कळवळत होता, आणि "असे होतेच" एवढेच उत्तर तेव्हा आम्हाला मिळाले होते.

या वेळी भूलतज्ज्ञांनी आधीच्या तपासणीतच विचारले की, घरात कोणाला भुलीनंतर उलट्या झाल्या आहेत का. मी ती रात्र सविस्तर सांगितली. वय तीन वर्षांहून अधिक, अर्धा तास किंवा त्याहून जास्त चालणारी शस्त्रक्रिया आणि सख्ख्या भावाला झालेला त्रास, या तिन्ही गोष्टींनी शक्यता वाढते, असे त्या म्हणाल्या. गिळलेले रक्त पोटाला सोसत नाही, घशातील मज्जातंतू चाळवले जातात, आणि भुलीचे वायू व मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामके त्यात भर घालतात. म्हणून एकाच उपायावर विसंबून चालत नाही. त्यांनी गुंगी आल्यावर डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची वजनानुसार एकच मात्रा शिरेतून दिली, जिच्यामुळे दुखणेही कमी होते, जोडीला उलटी रोखणारे ऑन्डान्सेट्रॉन दिले, वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉलने भूल चालू ठेवली आणि वेदनेसाठी मुख्य भर पॅरासिटामॉलवर ठेवला. डेक्सामेथासोन दिलेल्या साधारण पाच मुलांमागे एकाची उलटी टळते, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि खोटा दिलासा न दिल्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदरच वाटला.

थोरल्याच्या वेळी मी आदल्या रात्रीपासून त्याला पाण्याचा थेंबही दिला नव्हता. ते अज्ञान आता फार टोचते. घन अन्न सहा तास आधी बंद करायचे असले, तरी साधे पाणी दोन तास आधीपर्यंत देता येते, आणि शरीरात पुरेसे पाणी असलेल्या मुलांना उलट्यांचा त्रास कमी होतो; म्हणूनच सलाइनही हात आखडता न घेता दिले जाते.

दुपारी दोनच्या सुमारास ती उठून बसली आणि तिने एक उलटी केली. परिचारिकेने आधी रंग पाहिला: तपकिरी, म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी गिळलेले जुने रक्त. ताजे लाल रक्त दिसले, किंवा ती झोपेत सारखी गिळत राहिली, तर लगेच हाक मारा, असे तिने मला बजावले. त्यानंतर मी ग्लास घेऊन "घे ना थोडे" म्हणत मागे लागले, तेव्हा परिचारिकेनेच माझा हात धरला. आग्रहाने पाजलेले पाणी बहुधा परत येते. सलाइन चालू आहे, तहान लागली की ती स्वतः मागेल, असे ती म्हणाली. काही न पाजता नुसते बसून राहणे आईला किती जड जाते, हे मी आज अनुभवले.

सात वाजता तिने स्वतःहून पाणी मागितले आणि तीन घोट घेतले. मी घड्याळ लावून बसले होते. त्यानंतर आणखी दोनदा तिने तसेच घोट घेतले. तिच्या गळ्याकडे माझे लक्ष आहे. गिळण्याची हालचाल अधूनमधूनच दिसते, श्वास संथ आहे, आणि उशाशी ठेवलेले भांडे दुपारपासून कोरडे आहे.