ठासणीची बंदूक भरायला शिकताना

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात ज्यांची भाताची खाचरं रानाला लागून आहेत, त्यांच्या घरात ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू ठासून भरायची, बंदूक असणं नवीन नाही. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात, कधी गवे येतात, आणि माळ्यावर रात्र काढणाऱ्याला एका बाराचा मोठा आधार असतो. वडिलांच्या पश्चात त्यांची बंदूक माझ्या नावावर झाली, तेव्हा ती भरायची कशी हे मी मुळापासून शिकून घेतलं. जाणती माणसं कमी होत चाललीत आणि पोरं मोबाईलवर बघून दारू ओतायला लागलीत, म्हणून हे लिहितोय.

कागदांचं थोडक्यात सांगतो. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्ये पीकसंरक्षणासाठी तोंडाकडून भरायच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. लायसन त्याखाली मिळतं. 2011 मध्ये आमच्या तालुक्यात भीमगड अभयारण्य झालं, आणि वन्यजीव कायद्याच्या कलम 34 प्रमाणे अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या लायसनदाराला वनखात्याकडे नाव नोंदवावं लागतं. लायसन म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. आमचा बार आवाजापुरता.

शिकवलं ते वडिलांच्या जोडीदारानं, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. बंदूक हातात दिल्यावर त्यांनी दारूच्या डब्याला हातसुद्धा लावू दिला नाही. दारू ठासायची लांब सळई, म्हणजे गज, पुढं करून म्हणाले, ''आधी गज घाल बघू. ती भरलेली हाय का रिकामी, तुला काय ठाऊक?''

काडतुसाची बंदूक मधे दुमडून आत बघता येतं. ठासणीच्या बंदुकीत बघायला जागाच नाही, आणि नळीच्या तोंडाशी डोळा न्यायचा तर प्रश्नच येत नाही. वर्षभर खुंटीला असलेल्या बंदुकीत कुणाचा जुना बार, म्हणजे आधी भरलेली दारू, राहिलेला असू शकतो. त्यावर दुसरा ठासला तर नळी फाटते. गज हा एकच साक्षीदार. आमच्या गजाच्या टोकाला पितळेची टोपी आहे आणि अंगावर दोन खाचा. रिकाम्या नळीत तो तळाला टेकला की पहिली खाच बरोबर तोंडाशी येते आणि पितळ लोखंडावर टण्‌ वाजतं. आत बार असेल तर आवाज ठप्प येतो आणि गज बोट-दोन बोटं वर राहतो. दुसरी खाच नेमक्या मापाचा बार भरल्यावर कुठं यायला हवी, त्याची. आप्पांनी डोळे मिटायला लावून मला दोन्ही आवाज ऐकवले. अंधारात, पावसात, माळ्यावर बसल्यावर कानच कामाला येतो.

रिकामी असल्याची खात्री झाली की नळीतलं तेल कोरड्या फडक्यानं पुसायचं. तेलानं दारू ओली होते. मग नळीचं तोंड जमिनीवरच्या गवताच्या पात्याजवळ धरून नुसती केप, म्हणजे घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी टोपी, उडवायची. पातं हललं तर निप्पल, म्हणजे केप बसते ते भोकाचं बोंड, मोकळं आहे. नाही हललं तर सुईनं साफ करायचं. आमच्याकडच्या पावसाळ्यात ही पायरी कुणी गाळू नये.

आता दारू. ती काळीच हवी, लायसनवाल्या दुकानातून पावतीवर घेतलेली. काडतूस फोडून त्यातली बिनधुराची दारू घालणारे आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, घालू नका. तिचा दाब या जुन्या नळीला झेपत नाही. डब्यातून थेट नळीत ओतणंही तितकंच वाईट. आधीच्या बाराची ठिणगी आत धुमसत असेल तर अख्खा डबा हातात पेटतो. पितळी मापात घ्यायची, डबा बंद करून लांब ठेवायचा, मग मापातली ओतायची. घोडा अर्ध्यावर, केप नाही, नळीचं तोंड चेहऱ्यापासून बाजूला.

वर पुठ्ठ्याची चकती. नुसत्या आवाजाला छर्रे लागत नाहीत, पण चकती जवळच्या माणसाला जबर इजा करू शकते आणि पेटती बाहेर पडली तर गवताची गंजी पेटवते. काथ्या तर लवकर पेटतो, म्हणून चकतीच्या जागी तो वापरणं आम्ही सोडलं. गज मुठीत घट्ट न आवळता दोन बोटं आणि अंगठ्यात धरायचा, थोडा थोडा दाबत न्यायचा, तळहात टोकावर ठेवायचा नाही. चकती दारूवर टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तरी नळी फाटू शकते. दुसरी खाच तोंडाशी आली की गज बाहेर. तो आत विसरायचा नाही.

केप सगळ्यात शेवटी, जागेवर उभं राहून, समोर कोणी नाही हे बघून. आप्पा म्हणायचे, ''केप लागली की बंदूक जिवंत झाली, मग गप्पा बंद.''

मला सगळ्यात कठीण गेलं ते बार न उडाल्यावर थांबणं. चाप ओढला, केप फुटली, पुढं काहीच नाही. हात आपोआप बंदूक खाली घ्यायला जातो. पण दारू कधी कधी उशिरा पेटते. आप्पांनी माझं कोपर धरून ठेवलं, ''हलवू नको की रे,'' आणि मी नळी समोर रोखून 60 पर्यंत आकडे मोजले. मग नवी केप लावली. तरीही उडाला नाही, तेव्हा केप काढून नळीत पाणी ओतलं, दारू भिजू दिली आणि टोकाला मळसूत्री पेच असलेल्या गजानं चकती ओढून काढली. नळी पुन्हा धुवून, कोरडी करून, गज टण्‌ वाजल्यावरच पुढचा बार.

दोन बारांच्या मध्ये ओलं फडकं आणि त्यामागं कोरडं फिरवायचं, आतल्या ठिणग्या विझतात. घरी आल्यावर त्याच रात्री गरम पाणी आणि साबण. काळ्या दारूची काजळी हवेतली ओल ओढते आणि आमच्या हवेत सकाळपर्यंत गंज धरायला लागतो. धुवून, पुसून, हलका तेलाचा हात. केपांची डबी मी वेगळ्या कपाटात कुलपात ठेवतो, दारू दुसरीकडे, चुलीपासून लांब.