तुम्ही विचारलंत म्हणून: रग्बीत एवढे श्रीमंत मालक, मग क्लब बुडतात कसे?

2025 मध्ये अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली तेव्हापासून हा प्रश्न मला सारखा येतो, की इंग्लंडच्या क्लबांना एवढे कोट्यधीश मालक आहेत तरी दिवाळं कसं निघतं आणि मालकांचं नि युनियनचं, म्हणजे देशाची रग्बी चालवणाऱ्या संस्थेचं, सतत कशावरून वाजतं. माझ्या मते सगळं भांडण खेळाडू नेमका कोणाचा, क्लबचा की युनियनचा, यावरून आहे आणि इंग्लंडपुरता त्याचा निकाल 1995-96 च्या एका सीझनमध्येच लागून गेला.

झालं असं, की जून 1995 मध्ये वर्ल्ड कप फायनलच्या आदल्या दिवशी दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या युनियननी मीडियासम्राट रूपर्ट मर्डॉकच्या कंपनीशी 10 वर्षांचा 55 कोटी डॉलरचा टीव्ही करार जाहीर केला. त्याच सुमारास एक नवीन कंपनी स्वतःच्या स्पर्धेसाठी जगभरच्या खेळाडूंच्या गुपचूप सह्या घेत फिरत होती आणि तिच्या पाठीशी होता ऑस्ट्रेलियाचा टीव्हीवाला केरी पॅकर, हो तोच, 1977 मध्ये क्रिकेट हलवून सोडणारा. न्यूझीलंडची युनियन खडबडून जागी झाली, माजी कर्णधार जॉक हॉब्स युनियनसाठी खेळाडूंना गाठून गाठून सह्या घेत राहिला, जेफ विल्सन आणि जॉश क्रॉनफेल्ड हे स्टार खेळाडू आधी युनियनकडे आले आणि पॅकरचा डाव फिसकटला. ऑगस्टमध्ये पॅरिसला रग्बी अधिकृतपणे व्यावसायिक झाली, म्हणजे खेळाडूंना उघडपणे पगार द्यायला परवानगी मिळाली, तेव्हा तिकडचे खेळाडू युनियनच्या हातात होते.

आणि इंग्लंडची युनियन काय म्हणाली, तर व्यावसायिक व्हायला एक वर्ष थांबू! मला याचा आजही राग येतो. त्या वर्षात न्यूकॅसल युनायटेड फुटबॉल क्लबवाल्या सर जॉन हॉलनी दुसऱ्या डिव्हिजनमधला न्यूकॅसल गॉसफर्थ हा रग्बी क्लब घेतला, वास्प्स क्लबचा इंग्लंडचा खेळाडू रॉब अँड्र्यू तिकडे नेला, उद्योगपती नायजेल रे सॅरासेन्स क्लबमध्ये आले आणि पाठोपाठ तांब्याच्या व्यापारात पैसा केलेला अ‍ॅशली लेव्हेट रिचमंडमध्ये. युनियनचा विचार होईपर्यंत करारांच्या कागदावर क्लबांची नावं लागलेली होती. मग देशासाठी खेळाडू हवा तर मालकाची मनधरणी करा. जून 1998 मध्ये बरेच मोठे खेळाडू घरीच राहिले, काही दुखापतीमुळे आणि काहींना क्लबांना विश्रांती द्यायची होती म्हणून, आणि ब्रिस्बेनला इंग्लंड ऑस्ट्रेलियाकडून 76-0 ने हरलं. पुढच्या सीझनला इंग्लिश क्लबांनी युरोपियन कपवरच, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेवर, बहिष्कार टाकला.

मालक वाईट होते असं मी म्हणत नाही, रे यांनी सॅरासेन्समध्ये वर्षानुवर्षं खिशातले पैसे घातले. पण तिकिटांच्या आणि टीव्हीच्या पैशात पगार भागत नाहीत, दरवर्षीचा खड्डा मालक भरतो, शेजारच्या मालकाने जास्त भरला की यालाही भरावा लागतो. सॅलरी कॅप, म्हणजे क्लबने पगारावर किती खर्च करायचा याची मर्यादा, मोडली म्हणून 2019 मध्ये त्याच सॅरासेन्सचे 35 गुण कापले, 53.6 लाख पौंड दंड झाला आणि नंतर क्लब खालच्या डिव्हिजनला गेला.

रिचमंडचं तर फार वाईट वाटतं. 1861 चा क्लब, लेव्हेटच्या पैशावर बेन क्लार्क आणि स्कॉट क्विनेलसारखे खेळाडू आणले, मॅचेस रेडिंगच्या फुटबॉल स्टेडियमवर नेल्या, आणि 1999 मध्ये त्याने हात काढून घेतल्यावर काही महिन्यांत पहिल्या डिव्हिजनमधून नाव गेलं. मेंबरांनी तो फार खालच्या लीगमधून परत उभा केला.

वूस्टर क्लबचं ऑक्टोबर 2022 मध्ये काय झालं बघा, खेळाडूंचे करार एका वेगळ्या कंपनीच्या नावावर होते, टॅक्स थकला, कोर्टाने ती कंपनी गुंडाळली आणि एका दिवसात सगळ्यांचे करार संपले. त्याच महिन्यात वास्प्सने 167 जणांना घरी पाठवलं, त्यात खेळाडू, कोच आणि ऑफिसातली साधी माणसंही होती. 2023 मध्ये लंडन आयरिश क्लब गेला. इंग्लंडची 13 क्लबांची सर्वोच्च लीग 10 वर आली.

ऑगस्ट 2025 मध्ये रेड बुलने तोच, एकेकाळी हॉलचा असलेला, न्यूकॅसल रग्बी क्लब विकत घेतला. त्या क्लबला पैशाची खरंच गरज होती आणि पैसा आला याचा मला आनंद आहे. पण कंपनीचं मन उद्या उठलं तर तिथल्या पोरांच्या पगाराची हमी कोण घेणार, हे युनियनने आत्ताच, सगळं छान चाललंय तोवर, कागदावर लिहून घ्यायला हवं.