एक रुपया आणि बहात्तर तास

जुलै २०२५ चा पहिला आठवडा. अंबाजोगाईतली आमची छोटी संस्था सरकारी योजनांची पत्रकं काढते. जीआर वाचायचा, शेतकऱ्याच्या कामाचं वेचायचं, एका पानात बसवायचं आणि बाजाराच्या दिवशी वाटायचं. बारा वर्षं मी हेच करतेय. खरीप पीक विम्याचं पत्रक घाईचं होतं, म्हणून पहिला मसुदा एआयकडून लिहून घेतला. जीआर दिला नाही. नुसतं सांगितलं, 'मराठवाड्यातल्या सोयाबीन शेतकऱ्यासाठी पीक विम्याचं पत्रक लिही.'

मसुदा मला आवडला. वाक्यं छोटी, भाषा स्वच्छ. रात्री अण्णांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, वाचून दाखवला. छापायच्या आधी त्यांना ऐकवायचं ही जुनी रीत. पहिल्याच ओळीला त्यांनी थांबवलं. 'एक रुपयात? अगं, कालच केंद्रावर पैसे भरून आलो मी. रुपयाचं बंद झालं की.'

मग जीआर उघडून ओळ न् ओळ ताडून पाहिली. एक रुपयातला विमा २०२३ च्या खरिपात आला आणि २०२५ च्या खरिपात गेला; त्या खरिपात सोयाबीनला विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याचा झाला. ही चूक अण्णांनी पकडली. दुसरी त्यांच्याही कानातून सुटली होती: 'नुकसान झाल्यास ७२ तासांत कळवा.' ७२ तासांची ही अट होती ती स्थानिक आपत्तीसाठी, म्हणजे एकेका शेतातल्या नुकसानीसाठी; राज्यानं २०२५ च्या खरिपात ती भरपाईच विम्यातून काढून टाकली. भरपाई ठरणार होती ती फक्त पूर्ण महसूल मंडळाच्या उत्पादनावर; त्यासाठी निवडक शेतांत पीक कापून मोजतात, त्याला पीक कापणी प्रयोग म्हणतात.

एआयनं हे मनानं रचलं नव्हतं. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ ची. मागच्या कित्येक वर्षांच्या बातम्या, पत्रकं, सूचना सगळीकडं ७२ तास लिहिलेले. नवा नियम काही आठवड्यांचा. एवढ्या वर्षांच्या मजकुरापुढं तो कुठं टिकणार? पण ते पत्रक तसंच गेलं असतं, तर आमच्या नावावर विश्वासून माणसं नसलेल्या नियमामागं धावली असती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता जीआर दिल्याशिवाय मी त्याला एक ओळही लिहू देत नाही. प्रत्येक वाक्यापुढं कलमाचा क्रमांक मागते आणि ते कलम स्वतः उघडून बघते. एवढं केलं की त्याचा खरोखर उपयोग होतो. 'उंबरठा उत्पादन' हा शब्द समजावताना माझी बारा वर्षं दमछाक व्हायची. मागच्या ७ वर्षांतल्या चांगल्या ५ वर्षांची सरासरी, तिच्या ७० टक्के, हे ऐकून कुणाच्या डोळ्यात काही हलायचं नाही. एआयकडून हेक्टरचे आकडे एकरात आणले, दहा-बारा उदाहरणं मागितली, नऊ फेकली. राहिलं ते असं: तुमच्या मंडळाची सरासरी एकरी पाच क्विंटल असेल, तर उंबरठा साडेतीन. कापणी प्रयोगात मंडळाला साडेतीनच्या वर उतारा आला, तर कुणालाच काही नाही. अण्णांना एका दमात समजलं.

सप्टेंबरात मांजरा फुगली. नदीकाठच्या गावातून एका बाईचा फोन आला, 'ताई, बहात्तर तास उद्या संपतेत. कुठं कळवू?' मी म्हटलं, आधी तलाठी आणि कृषी सहायकांकडून पंचनामा करून घ्या. सरकारची मदत त्यावर मिळते; जिरायतीला तेव्हा हेक्टरी ८,५०० रुपयांचा निकष होता. 'आन् विम्याचं?' मंडळाचा उतारा, साडेतीन क्विंटल, सगळं तिला सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

'माझं वावर नदीत गेलंय ताई,' ती म्हणाली, 'मंडळाचं मला काय सांगता?'

तिचं नाव आणि गट नंबर वहीत लिहून घेतला, दुसऱ्या दिवशी तलाठ्याला फोन केला. रब्बीच्या पत्रकात यंदा पंचनाम्याची माहिती विम्याच्या वर घेतलीय, मोठ्या अक्षरात.