प्रभारी पद, जुना पगार आणि ते एक हमीपत्र (माझा अनुभव)

चार वर्षं वरच्या खुर्चीत बसलो आणि पेस्लिप मात्र जुन्याच पदाची. आता दोन्ही पदांच्या पगारातला फरक मिळाला, सगळा नाही, पण मिळाला. डोकं अजून शांत झालेलं नाही म्हणून लिहितोय.

आमचे साहेब रिटायर झाले, जागा रिकामी, सिनियॉरिटीत पुढचा मी. आदेशात "पुढील आदेशापर्यंत, तात्पुरत्या स्वरूपात". ते पुढील आदेश काही आलेच नाहीत. सह्या, दौरे, ऑडिटची उत्तरं सगळं माझ्याच गळ्यात. दोन वर्षांनी फरकासाठी अर्ज केला, वरून शिफारस लगेच झाली, लेखा शाखेनेही हिशोब करून दिला. अडकलं ते आस्थापनेच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या फाईली सांभाळणाऱ्या शाखेच्या, एका टेबलावर.

तिथल्या बाबूंनी फाईलची नाडी सोडली आणि मीच सही केलेला कागद पुढे सरकवला. हमीपत्र. "वरिष्ठ पदाच्या वेतनाची मागणी करणार नाही." सही माझी, तारीख दुसऱ्याच कुणाच्या तरी अक्षरात. चार्ज घेताना गडबडीत पाच-सहा कागदांवर सह्या घेतल्या होत्या त्यातलाच हा, मला आठवतही नव्हता. "साहेब, तुम्हीच लिहून दिलंय, आता कसं मागता?" हे वाक्य मी अकरा महिने ऐकलं. कधी बाबू रजेवर, कधी फाईल वर गेलीये, वर जाऊन विचारलं तर खालीच आहे म्हणे. आणि मी येडा, खरंच आपलंच चुकलं असं समजून गप्प परत यायचो.

शेवटी एका निवृत्त सहकाऱ्याने झापलं, अरे त्या कागदाला कसला घाबरतोस. सुप्रीम कोर्टाचा १९९८ चा निकाल आहे, चंडीगडच्या एका कर्मचाऱ्याचा, त्याला तात्पुरतं ज्युनियर इंजिनिअर केलं होतं आणि त्याच्याकडूनही असंच लिहून घेतलेलं. कोर्टाने सांगितलं की असं हमीपत्र कायद्याच्या आणि सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध, कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम २३, पगार द्या. निकालाची प्रत जोडून नवा अर्ज दिला, आवक शिक्क्याची पोच घेतली. बाबूंनी प्रत चाळली आणि म्हणतात कसे, "हे आधीच द्यायचं ना!"

हां, माहिती अधिकाराचं राहिलंच. फाईलवरच्या टिपण्या मागवा. मला ३० दिवसांत काही आलं नाही, पहिलं अपील टाकल्यावर आल्या, त्यात लेखा शाखेचा "देय आहे" शेरा होता जो मला कुणी सांगितलाच नव्हता. हे मी अगदी सुरुवातीलाच करायला हवं होतं.

आणि अर्जात पदोन्नती मागू नका, फक्त पगार मागा. नुसता चार्ज म्हणजे पदोन्नती नव्हे असा १९९१ चा निकाल तुमच्या तोंडावर मारतीलच. त्याला २०१३ च्या पश्चिम बंगालच्या निकालाने उत्तर द्या, तिथे वरच्या पदाचं पूर्ण काम केलेल्याला वरचा पगार मिळाला. स्वतःचं टेबल सांभाळून अतिरिक्त कार्यभार असेल तर मात्र गणित वेगळं, तिथे पूर्ण फरकाची आशा धरू नका.

माझा पहिल्या सात महिन्यांचा फरक अजून लटकलाय. चार्ज रिपोर्ट, म्हणजे मी चार्ज घेतल्याचा कागद, फाईलमध्ये सापडत नाही म्हणतात. हमीपत्र बरोब्बर सापडलं होतं. झेरॉक्स माझ्याकडेही नाही, तेवढी तुम्ही त्याच दिवशी काढून घरी ठेवा.